टायमिंग बेल्ट तुटला तर इंजिनाचं काय होतं? इंटरफेरन्स आणि नॉन-इंटरफेरन्स इंजिन, नव्या गाडीवाल्यांसाठी

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस टायर बघतो, पत्र्यावर टकटक करतो, एसी लावून बघतो, मीटर मागे फिरवलाय का याचा अंदाज घेतो, पण इंजिनाच्या कडेला काळ्या प्लास्टिक कव्हरच्या मागे रबराचा एक दातेरी पट्टा असतो, तो शेवटचा कधी बदलला हे विचारणारा फार क्वचित भेटतो. आणि नेमका तोच पट्टा तुटला तर काही गाड्यांचं फक्त एका दिवसाचं काम निघतं, काही गाड्यांचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं, आणि काहींच्या बाबतीत अख्खं इंजिनच बदलायची पाळी येते. हा फरक कशाने पडतो, आपली गाडी कुठल्या गटातली, आणि वेळ आलीच तर काय करायचं न काय अजिबात करायचं नाही, हे सगळं एकदा नीट सांगतो. ज्यांनी बॉनेट फक्त वॉशरचं पाणी भरायला उघडलंय त्यांच्यासाठीच हे लिहितोय, त्यामुळे माहितगारांना काही गोष्टी बाळबोध वाटतील, चालेल.

आधी आत काय चालतं ते बघू

सिलेंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो आणि त्याच्या डोक्यावर, म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व्ह असतात. इनटेक व्हॉल्व्ह उघडला की हवा आत येते, एक्झॉस्ट उघडला की जळालेला धूर बाहेर जातो. पिस्टन वरखाली करतो क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडतो कॅमशाफ्ट, आणि या दोघांना एकत्र बांधून ठेवतो तो टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा व्हायला पाहिजे, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दाते असतात. हा हिशोब एका दात्यानेही चुकून चालत नाही.

व्हॉल्व्ह उघडतो म्हणजे तो सिलेंडरच्या आत खाली उतरतो, साधारण ८-१० मिलिमीटर. म्हणजे पिस्टन जिथे येतो त्याच जागेत. टिपऱ्या खेळताना ठेका बरोबर असेल तर टिपरीवर टिपरी बसते आणि एकाचा ठेका चुकला की बोटावर बसते, इथेही तसंच आहे, फक्त इथे वेग भयानक असतो. गाडी ३००० आरपीएमवर चालली असेल तर प्रत्येक पिस्टन एका सेकंदात ५० वेळा वर येतो. आता बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, त्या क्षणी जे व्हॉल्व्ह उघडे होते ते उघडेच राहतात, पण क्रँक थांबत नाही, फ्लायव्हीलचा, म्हणजे क्रँकला जोडलेल्या जड चाकाचा, जोर असतो, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर चाकंच इंजिनाला फिरवत राहतात. म्हणजे पिस्टन वर येतच राहतो, आणि वर व्हॉल्व्ह लोंबकळतोय.

आता दोन शक्यता. पिस्टन अगदी वर आला तरी पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हपर्यंत पोचत नसेल, मधे जागा उरत असेल, तर ते नॉन-इंटरफेरन्स इंजिन. बेल्ट तुटला, गाडी बंद पडली, नवा बेल्ट टाकून टायमिंग जुळवलं की गाडी परत चालू. आणि जिथे दोघांची जागा एकमेकांत घुसते, फक्त टायमिंगमुळे टक्कर टळते, ते इंटरफेरन्स इंजिन. तिथे टायमिंग गेलं की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्हची दांडी वाकते, आणि एकदा व्हॉल्व्ह वाकला की तो सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या कडेवर, बसत नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधल्या हवेवरचा दाब, उडालं. नशीब जास्तच वाईट असेल तर व्हॉल्व्हचं डोकं तुटून सिलेंडरमध्ये पडतं, मग पिस्टनला भोक, लायनरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, चरे, हेडला खड्डे, तुकडा टर्बोपर्यंत गेला तर टर्बो पण गेला.

मग कंपन्या असली धोक्याची इंजिनं बनवतातच का, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो आणि रास्त आहे. कारण असं की व्हॉल्व्ह जास्त उघडला तर इंजिनाला श्वास चांगला घेता येतो, आणि पिस्टन हेडच्या जितका जवळ जाईल तितकं कॉम्प्रेशन जास्त, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त ताकद, जास्त ॲव्हरेज, कमी धूर. टक्कर टाळायला पिस्टनच्या डोक्यावर खोल खळगे करता येतात, पण ते केले की कॉम्प्रेशन आणि ज्वलन दोन्ही बिघडतं. त्यामुळे आजची बहुतेक सगळी इंजिनं इंटरफेरन्सच आहेत. डिझेलमध्ये तर विषयच संपला, तिथे पिस्टन वर आल्यावर हेडपासून जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते, म्हणून डिझेल गाडी असेल तर इंटरफेरन्स समजूनच चाला.

नॉन-इंटरफेरन्सची उदाहरणं जुन्या काळातली सापडतात. टोयोटाचं कोरोलातलं जुनं ४ए-एफई, वोल्वोचं आठ व्हॉल्व्हवालं बी२३०, आणि फियाटचं १.२ लिटर आठ व्हॉल्व्हचं जुनं फायर इंजिन, याच फायर घराण्यातलं १.२ आपल्याकडे पालिओत आलं होतं. पण लक्षात घ्या, याच फायर घराण्यातलं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन इंटरफेरन्स आहे. म्हणजे नुसतं "फियाटचं फायर आहे ना, काही होत नाही" असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

पायरी पहिली: आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हे शोधा

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण ते गाडीचं नाव विचारतात, आणि उत्तर इंजिनावर असतं. हुंदाई आय-टेन घ्या, १.१ इंजिनवाल्या आय-टेनला टायमिंग बेल्ट आहे आणि १.२ कप्पा इंजिनवालीला चेन आहे, बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच. जुनी वॅगन-आर १.१ वाली बेल्टवर, नंतरची १.० के-सिरीजवाली चेनवर. अल्टो ८०० बेल्ट, अल्टो के-टेन चेन. जुनी इनोव्हा २.५ डिझेल बेल्टवर चालते, २०१६ ला आलेली क्रिस्टा २.४ चेनवर. सँट्रो झिंग बेल्ट. टाटाची जुनी इंडिका १.४ डिझेल बेल्ट. डस्टर, टेरानो, सनी यांच्यातलं रेनोचं १.५ डिझेल, के९के नावाचं, ते बेल्टवर. फोक्सवॅगन-स्कोडाचं १.५ टीडीआय बेल्ट, आणि आज चाकणला बनणाऱ्या टायगुन-कुशाकमधलं १.० टीएसआय पेट्रोल तेही बेल्टच. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, पुंतो, लिनिआ अशा कितीतरी गाड्यांत फिरलेलं १.३ मल्टिजेट डिझेल, जे इकडे रांजणगावलाही बनायचं, ते मात्र चेनवर.

म्हणून आरसी बुक घ्या, मॉडेल आणि साल बघा, इंजिन नंबरची सुरुवातीची अक्षरं बघा, ओनर्स मॅन्युअल उघडा. सर्व्हिस शेड्युलच्या तक्त्यात "टायमिंग बेल्ट बदला" अशी ओळ असेल तर बेल्ट, तशी ओळच नसेल तर बहुधा चेन. नुसत्या नजरेनेही अंदाज येतो, इंजिनाच्या कडेला उभं प्लास्टिकचं कव्हर दोन-चार बोल्टने लावलेलं असेल तर मागे बेल्ट असतो, आणि तिथे ॲल्युमिनियमचं जाड सीलबंद कव्हर असेल तर चेन, कारण चेनला ऑइल लागतं.

बाहेर दिसणारा बेल्ट हा टायमिंग बेल्ट नसतो. जो उघड्यावर फिरताना दिसतो, अल्टरनेटर आणि एसी फिरवतो, त्याला आपल्याकडे सरसकट फॅन बेल्ट म्हणतात. तो तुटला तर बॅटरीचा लाल दिवा लागतो, गाडी काही वेळ चालते. बिलावर "बेल्ट रिप्लेस" एवढंच लिहिलेलं असतं आणि मालक खूश असतो की झालं काम, प्रत्यक्षात बदललेला असतो फॅन बेल्ट. बिलात पूर्ण नाव वाचा.

पायरी दुसरी: इंटरफेरन्स आहे का, हे कळवून घ्या

मॅन्युअलमध्ये हे थेट लिहिलेलं सहसा सापडत नाही. बेल्ट बनवणाऱ्या कंपन्यांचे कॅटलॉग असतात, त्यात काही ठिकाणी इंजिनापुढे खूण केलेली असते. चांगल्या मेकॅनिकला विचारताना "बेल्ट तुटला तर काय होतं" असं विचारू नका, "या इंजिनाचे वाकलेले व्हॉल्व्ह तुम्ही स्वतः बदललेत का" असं विचारा, लगेच खरं उत्तर येतं. आणि कुठूनच खात्री झाली नाही तर इंटरफेरन्स धरा. उगाच काळजी घेतली तर थोडे पैसे जास्त जातात, उलटं झालं तर हेड जातं.

पायरी तिसरी: बेल्टचं वय काढा

बेल्ट म्हणजे नुसतं रबर नाही, आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात, दात्यांवर कापडाचा थर असतो. त्यामुळे तो हळूहळू झिजताना दिसतोच असं नाही, वरून ठीकठाक दिसणारा बेल्ट आतून दमलेला असू शकतो, म्हणून "बघितला, चांगला आहे, अजून चालेल" या बोलण्याला फारसा अर्थ नाही. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, किलोमीटर आणि वर्षं, यातलं जे आधी येईल ते धरायचं. लोक फक्त किलोमीटर बघतात. आजोबांची गाडी, दहा वर्षांत तीस हजार किमी, एकदम कमी चाललीय म्हणून हौसेने घेतात, पण रबराला वय लागतंच, गाडी उभी असली तरी.

त्यात आपल्याकडचं ट्रॅफिक. हिंजवडीच्या किंवा ठाण्याच्या जाममध्ये गाडी तासभर उभी असते, मीटर हलत नाही, बेल्ट मात्र सारखा फिरत असतो, आणि बॉनेटखाली उन्हाळ्यात जी उष्णता साठते ती वेगळी. त्यामुळे शहरात चालणाऱ्या गाडीला मी मॅन्युअलच्या आकड्याच्या थोडं आधीच बेल्ट बदलायला सांगतो. आकड्याच्या पुढे ताणणं तर सोडूनच द्या.

जुन्या इनोव्हात एक छान सोय आहे, ठरलेलं किलोमीटर झालं की मीटरमध्ये टी-बेल्टचा दिवा लागतो. पण तो दिवा फक्त किलोमीटर मोजतो, बेल्टची तब्येत त्याला कळत नाही, आणि बेल्ट बदलल्यावर तो रिसेट करावा लागतो. जुनी टॅक्सी पासिंगची इनोव्हा घेत असाल तर दिवा बंद आहे म्हणजे बेल्ट बदललाय असं समजू नका, बिल मागा.

बेल्ट वेळेआधी जाण्याची कारणंही बघून ठेवा. कॅम सील किंवा क्रँक सील, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगा, यांतून ऑइल गळून बेल्टवर येणं हे सगळ्यात कॉमन, ऑइलने रबर फुगतं, मऊ होतं, दाते सुटतात. कूलंट गळणं, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) किंवा आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी पुली) यांचं बेअरिंग जाणं, कव्हर तुटून आत खडी-धूळ जाणं, आणि बऱ्याच इंजिनात वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तो जाम झाला की नवा बेल्टसुद्धा तुटतो. उंदरांचा त्रास असलेल्या पार्किंगमध्ये कव्हर धड आहे ना हे बघाच.

पायरी चौथी: बदलताना काय काय बदलायचं

नुसता बेल्ट बदलू नका. पूर्ण किट घ्या, म्हणजे बेल्ट, टेन्शनर, आयडलर, आणि पंप बेल्टवर असेल तर पंप. कारण मजुरी सगळी उघडण्याची असते, पार्टची कमी. आज हजार-पंधराशेचा टेन्शनर वाचवला आणि सहा महिन्यांनी त्याचं बेअरिंग गेलं तर नवाकोरा बेल्ट उतरतो आणि व्हॉल्व्ह वाकायचे ते वाकतातच. सील ओलसर दिसत असतील तर तेही त्याच वेळी टाकून घ्या.

काम चालू असताना शक्य असेल तर समोर थांबा. क्रँक आणि कॅम दोन्हीच्या खुणा जुळल्या पाहिजेत, बऱ्याच डिझेलमध्ये आणि नव्या पेट्रोलमध्ये नुसत्या खुणांवर भागत नाही, कॅम आणि क्रँक जागेवर पकडून ठेवणारं लॉकिंग टूल लावावं लागतं, ते गॅरेजमध्ये आहे का हे आधीच विचारा. व्हाइटनरने जुन्या बेल्टवर आणि पुलीवर खुणा करून तशाच नव्यावर उतरवणारे मेकॅनिक आहेत, काहींचं बरोबर येतंही, पण टूल असलेली जागा मिळत असेल तर तिकडेच जा. सगळं बसलं की सेल्फ मारायच्या आधी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि खुणा परत जुळतात का बघायचं. हाताने फिरवताना कुठे कडक लागलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. या एका मिनिटाच्या कामाने चुकलेलं टायमिंग पकडलं जातं, आणि ज्या मेकॅनिकने हे न सांगता केलं तो माणूस धरून ठेवा.

चेन आहे म्हणून निर्धास्त होऊ नका

"चेनची गाडी आहे, आयुष्यभर बघायला नको" हे वाक्य अर्धवट खरं आहे. चेन अचानक तुटत नाही सहसा, पण ती लांबते, आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच इंजिनांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो. ऑइल उशिरा बदललं, कमी झालं, चुकीच्या ग्रेडचं टाकलं की टेन्शनर ढिला पडतो आणि चेन दाता सोडते. मल्टिजेट लाखो किमी चालल्याची उदाहरणं भरपूर आहेत पण त्याचबरोबर ऑइलची हेळसांड झालेल्या गाड्यांत चेनने घोटाळा केल्याचीही आहेत. या इंजिनात टायमिंग उडालं की अनेकदा आधी रॉकर, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधले छोटे दांडे, तुटतात, काही वेळा त्यामुळे व्हॉल्व्ह वाचतात, काही वेळा नाही.

चेनवाल्यांनी सकाळच्या पहिल्या स्टार्टला कान द्यावा. सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदात खळखळ आवाज येतो आणि मग बंद होतो, हा आवाज रोज यायला लागला की टाळू नका. आणि उतारावर गाडी नुसती गिअरवर टेकवून ठेवायची सवय सोडा, इंजिन बंद असताना ऑइलचं प्रेशर नसतं, गाडी मागे रेटली गेली की ढिली चेन दाता सोडू शकते. हँडब्रेक ओढा, मग गिअर टाका.

अजून एक प्रकार आहे, बेल्टच पण ऑइलमध्ये बुडालेला. इकोस्पोर्टमधलं फोर्डचं १.० इकोबूस्ट आणि नंतरचं १.५ तीन सिलेंडरचं ड्रॅगन पेट्रोल, दोन्हीत असा बेल्ट आहे. इथे ऑइलची ग्रेड हा जीवनमरणाचा प्रश्न आहे, कारण चुकीच्या ऑइलने बेल्टचा चुरा सुटतो आणि तो चुरा ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो, म्हणजे बेल्ट तुटायच्या आधीच इंजिन ऑइलविना मरू शकतं. अशी गाडी असेल तर मॅन्युअलमध्ये जे ऑइल लिहिलंय त्यापेक्षा एक शब्दही वेगळं टाकू देऊ नका.

पायरी पाचवी: रस्त्यात गाडी बंद पडली तर

हा भाग नीट वाचा आणि घरातल्या बाकी गाडी चालवणाऱ्यांनाही सांगून ठेवा, कारण खरं नुकसान इथे वाढतं.

बेल्ट तुटला की गाडी कुठलीही कुरकुर न करता एकदम बंद पडते, कधी खट्ट असा आवाज येतो, कधी तोही नाही. लगेच क्लच दाबा. क्लच दाबला की चाकं इंजिनाला फिरवायची थांबतात, म्हणजे पिस्टनचे पुढचे ठोके वाचतात. ब्रेक कडक होईल कारण ब्रेकला मदत करणारा बूस्टर मेला, एक-दोन वेळा दाबेपर्यंतच मदत मिळते म्हणून पंप करत बसू नका, एकदाच नीट दाबून धरा. स्टिअरिंगही जड होईल, घाबरू नका, जोर लावून वळतं. चावी पूर्ण काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. हॅझर्ड लावा, डावीकडे घ्या, त्रिकोण मागे लांब ठेवा आणि माणसं गाडीत न बसता रेलिंगच्या पलीकडे उभी करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करता येतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: सेल्फ मारू नका. परत परत तर नाहीच. गाडी बंद पडली की हात आपोआप चावीकडे जातो, शेजारचा म्हणतो मार अजून एकदा, मागून चार जण येतात म्हणतात ढकलून स्टार्ट करू. बेल्ट तुटलेल्या इंटरफेरन्स इंजिनात प्रत्येक सेल्फला पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतो. तुटताना दोन व्हॉल्व्ह वाकले असतील तर सेल्फ मारून मारून बाकीचे वाकतात. धक्का मारून स्टार्ट करणं त्याहून वाईट, तिथे गाडीचं अख्खं वजन व्हॉल्व्हवर येतं. कोणी एकदा सेल्फ मारलाच असेल तर आवाज आठवा: इंजिन नेहमीसारखं दम घेत घेत न फिरता एकदम हलकं, भुर्रकन फिरलं असेल तर कॉम्प्रेशन नाहीये, म्हणजे बेल्ट गेलाय असं धरा आणि थांबा.

टो करताना गिअर न्यूट्रलमध्ये, आणि ऑटोमॅटिक असेल तर फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा.

पायरी सहावी: गॅरेजमध्ये काय करून घ्यायचं

पहिलं म्हणजे वरचं कव्हर उघडून बेल्ट दाखवायला सांगा, फोटो काढा. तुटलाय, का दाते सोलून निघालेत, का बेल्ट शाबूत आहे पण उतरलाय, हे कळलं की कारण कळतं. बेल्ट ऑइलने भिजलेला असेल तर सील, टेन्शनरची पुली डुगडुगत असेल तर बेअरिंग. कारण न शोधता नवा बेल्ट टाकला तर तोही जाणार.

पेट्रोल इंजिन असेल तर लगेच हेड उतरवू देऊ नका. चार सिलेंडरमध्ये क्रँक टॉपपासून, म्हणजे पहिला पिस्टन अगदी वर असतो तिथून, पाव फेरा फिरवला की चारही पिस्टन अर्ध्यात येतात, मग कॅम मोकळेपणी फिरवून खुणेवर आणता येतो, मग क्रँक खुणेवर आणून बेल्ट चढवायचा, हाताने दोन फेरे, आणि मग प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन किंवा लीकडाउन टेस्ट (सिलेंडरमध्ये हवा भरून गळते का बघणं). चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआयच्या घरात आकडा येतो, एखाद्या सिलेंडरला शून्य किंवा चाळीस-पन्नास आला तर तिथला व्हॉल्व्ह वाकलाय. स्पार्क प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा सोडूनही बघता येतं. पिस्टनच्या काळ्या डोक्यावर काजळी खरवडली जाऊन चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण दिसली, की तिथे व्हॉल्व्ह बसलाय हे नक्की. चारही सिलेंडर बरोबर आले तर तुम्ही सुटलात, बेल्ट किटवर भागलं. डिझेलला मात्र मी सरळ हेड उघडून बघायच्याच मताचा आहे.

हेड उतरलं की ते मशीन शॉपला जातं, बऱ्याच ठिकाणी लेथवाला म्हणतात. तिथे हेड उलटं ठेवून व्हॉल्व्हवर थोडं रॉकेल ओततात, जिथून पोर्टमध्ये झिरपतं तो व्हॉल्व्ह वाकलेला, डोळ्यासमोर दिसतं, वाद घालायला जागा राहत नाही. मग वाकलेले व्हॉल्व्ह नवे, गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) तपासणं, सीट लॅप करणं (घासून नीट बसती करणं), व्हॉल्व्ह सील सगळे नवे, हेडचा पृष्ठभाग सरळ आहे का बघणं. हेड गॅस्केट नवंच, आणि बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नसतात, ते नवे घ्या. खाली पिस्टनवर खोल घाव, चीर आहे का, कनेक्टिंग रॉड वाकलाय का हे बघितल्याशिवाय हेड परत बसवू देऊ नका. जुने वाकलेले व्हॉल्व्ह हातात मागून घ्या, काचेवर लोळवून बघितले की डुगडुगतात.

इन्शुरन्सकडून फार अपेक्षा ठेवू नका. नेहमीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाउन आणि झीज येत नाही, आणि इंजिन प्रोटेक्टचा ॲड-ऑन मुख्यतः पाणी शिरणं आणि ऑइल गळतीसाठी असतो. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस वेळेवर केल्याची बिलं मागतात, म्हणून बिलं टाकून देऊ नका.

जुनी गाडी घेताना

बेल्टची गाडी आणि बेल्ट बदलल्याचं बिल नाही, तर बेल्ट जुनाच आहे असं धरून भाव करा, आणि किट व मजुरीची रक्कम किमतीतून उतरवून मागा. "आत्ताच बदललाय साहेब" याला पुरावा म्हणजे बिलावर किलोमीटर, तारीख आणि किटचा पार्ट नंबर. गाडी ताब्यात आली की लांबच्या प्रवासाला काढायच्या आधी बेल्ट बदलून टाका, कोकणात गणपतीला जायच्या आदल्या आठवड्यात गर्दीत नको, निवांत वेळ काढून. बदलून झाला की कव्हरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहायला सांगा, आणि तेच मोबाइलमध्येही टाका, कारण पुढच्या वेळी बॉनेट उघडणारा मेकॅनिक कदाचित दुसराच असेल.